केबलच्या वाहिन्या राहतात कुठे?

२००१ साली आम्ही पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. वसतिगृहात चौघांत मिळून एक संगणक होता. त्यावर दूरचित्रवाणी दिसावी म्हणून आम्ही एक टीव्ही ट्यूनर कार्ड आणले. कार्ड बसवले, केबलची वायर खुपसली आणि ‘वाहिन्या शोधा’ या चौकटीवर टिचकी मारली. आकडे एकामागून एक सरकले, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत राहिल्या आणि शेवटी संगणकाने निकाल जाहीर केला : सापडलेल्या वाहिन्या ०.

खालच्या मजल्यावरच्या सामाईक खोलीतला संच त्याच वायरीवर पन्नासएक वाहिन्या दाखवत होता. केबलवाल्याला बोलावले. त्याने बरोबर आणलेला छोटा संच आमच्या वायरीला जोडून स्वच्छ चित्र दाखवले आणि “वायरीत दम आहे, तुमच्या पेटीत नाही,” असे सांगून तो निघून गेला.

ते शून्य पुढे तीन टप्प्यांत गेले. प्रथम दोन वाहिन्या मिळाल्या, मग अकरा, मग बाकीच्या सगळ्या. एकही तार बदलावी लागली नाही. दर वेळी संगणकाला दिलेला एक चुकीचा पत्ता तेवढा सुधारला. हे पत्ते असे का ठरले, हे शोधत आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींपासून आपल्या संसदेने केलेल्या एका कायद्यापर्यंत जाऊन पोहोचलो.

पहिला टप्पा थोडक्यात सांगतो. कार्डावर आगपेटीपेक्षा जराशी मोठी अशी पत्र्याची डबी असते. हाच ट्यूनर. १९१८ साली एडविन आर्मस्ट्राँग यांनी रेडिओसाठी शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीवर तो चालतो. डबी स्वतः एक लहर निर्माण करते, ती बाहेरून आलेल्या लहरीत मिसळते आणि दोन्हींच्या वारंवारतांतील फरकाएवढी लहर पुढे पाठवते. आपल्याकडच्या पद्धतीत हा फरक ३८.९ मेगाहर्ट्‌झ असे. म्हणजे १७५.२५ मेगाहर्ट्‌झवरची वाहिनी हवी असेल, तर डबीतील लहर २१४.१५ मेगाहर्ट्‌झची हवी. हा आकडा, आणि डबीतील तीन विभागांपैकी कोणता चालू करायचा याचा संकेत, संगणक दोन तारांवरून डबीला पाठवतो. विभागाचे संकेत मात्र प्रत्येक उत्पादकाचे निराळे. आमचा संगणक एका उत्पादकाची भाषा बोलत होता आणि डबी दुसऱ्याची होती. यादीतून डबीचे योग्य नाव निवडताच दोन वाहिन्या उगवल्या. चित्र वरखाली लोळत होते, रंग नव्हता, आवाज नव्हता. पण शून्य तर गेले.

दोनच का? संगणकात देशाच्या नावापुढे ‘अमेरिका’ असे होते. अमेरिकेत प्रत्येक वाहिनीला ६ मेगाहर्ट्‌झ रुंदीची जागा मिळते. आपल्याकडे, युरोपातल्या पद्धतीप्रमाणे, याच पट्ट्यांत ७ मेगाहर्ट्‌झची. दोन्ही कोष्टके शेजारी ठेवली तर ती दोन ठिकाणी नेमकी जुळतात. ५५.२५ मेगाहर्ट्‌झला त्यांची वाहिनी २ आणि आपली ३, १७५.२५ला त्यांची ७ आणि आपली ५. पुढे त्यांचे पाऊल सहाचे आणि आपले सातचे, त्यामुळे दर पावलाला एका मेगाहर्ट्‌झने चुकामूक होते. (सहा आणि सात यांचा लसावि ४२. तेवढ्या अंतराने पाऊले पुन्हा जुळतात, पण हवेतल्या प्रक्षेपणाच्या अमेरिकन यादीत त्या ठिकाणी वाहिनीच नाही. लसाविचा उपयोग काय, असे वर्गात कोणी विचारले तर हे उदाहरण देता येईल.) चित्र लोळत होते, कारण त्यांच्याकडे सेकंदाला साठ अर्धचित्रे तर आपल्याकडे पन्नास. आवाजही चित्रलहरीपासून त्यांच्याकडे ४.५ मेगाहर्ट्‌झ दूर असतो, आपल्याकडे ५.५. देश बदलून ‘भारत’ केले आणि अकरा वाहिन्या रंगात, आवाजासह हजर झाल्या.

खरी गंमत पुढेच आहे. या अकरा कोणत्या? ४७ ते ६८ मेगाहर्ट्‌झमधल्या तीन आणि १७४ ते २३० मधल्या आठ. बरोबर अकरा. हवेतून प्रक्षेपण करण्यासाठी या दोन पट्ट्यांत नेमून दिलेल्या जागा एवढ्याच. मग उरलेल्या वाहिन्या केबलवाल्याने ठेवल्या होत्या कुठे?

दोन पट्ट्यांच्या मध्ये १०६ मेगाहर्ट्‌झची फट आहे. ती मोकळी नाही. ८८ ते १०८ मध्ये एफएम रेडिओ, त्यावर १३७ पर्यंत विमानांचे मार्गदर्शन आणि वैमानिकांचे बोलणे, मग हौशी रेडिओवाले, जहाजे, पोलीस, अग्निशमन दल अशी वस्ती. हवा सगळ्यांची सामाईक. एकाच गावात एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले तर दोघांचेही ऐकू येत नाही. म्हणून दूरचित्रवाणीने या फटीत पाऊल टाकायचे नाही, हा नियम. अमेरिकेत तपशील वेगळे, पण रचना हीच. तिथे वाहिन्या २ ते ६ या ५४ ते ८८ मध्ये (४ आणि ५ यांच्यामध्येही एक छोटी फट आहे) आणि ७ ते १३ या १७४ ते २१६ मध्ये. त्यांच्याकडे वाहिनी १ का नाही, असा प्रश्न मुले विचारतात. ती होती, १९४८ मध्ये तिची जागा काढून इतर रेडिओ सेवांना दिली, आणि बाकीच्यांचे क्रमांक मात्र तसेच राहिले.

त्याच १९४८ च्या सुमारास केबलचा जन्म झाला. पेनसिल्व्हेनियातील माहनॉय सिटीत आपण ती त्या वर्षी सुरू केल्याचा दावा विद्युत उपकरणांचे विक्रेते जॉन वॉल्सन यांनी केला. त्याला कागदोपत्री पुरावा मात्र उरलेला नाही. ओरेगॉनमधल्या अस्टोरिया गावात एड पार्सन्स यांनी त्याच वर्षी हॉटेलच्या गच्चीवर ॲन्टेना उभारून दूरच्या सिॲटल शहराचे प्रक्षेपण पकडले आणि ते तारेने इतरांपर्यंत नेले. १९५० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच लॅन्सफर्डला रॉबर्ट टार्लटन यांनी यासाठी रीतसर कंपनी काढली. लॅन्सफर्ड हे डोंगरांत वसलेले कोळसा खाणींचे गाव. फिलाडेल्फियाच्या लहरी सरळ रेषेत येतात, त्या डोंगरमाथ्यावर पोहोचत, खालच्या दरीत उतरत नसत. दुकानात संच होते, पण चित्र दिसत नाही तर ते घेणार कोण? टार्लटन यांनी डोंगरावर ॲन्टेना लावला आणि गावात तार आणली. तारेत ठरावीक अंतरावर लागणारे प्रवर्धक मिल्टन शॅप यांच्या कंपनीचे होते. हे शॅप पुढे १९७१ ते १९७९ पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर होते.

या तारेचा एक गुण लगेच लक्षात आला नसावा, पण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. कोॲक्सियल केबलमध्ये मधल्या तारेभोवती धातूची जाळी असते. लहर त्या जाळीच्या आत राहते. आतले बाहेर जात नाही आणि बाहेरचे आत येत नाही, निदान जाळी आणि सांधे धड असेपर्यंत. म्हणजे हवेतला जागावाटपाचा नियम तारेच्या आत लागू पडत नाही. बाहेर विमान उतरत असताना त्याच वारंवारतेवर आत चित्रपट चालू शकतो. फट आतून रिकामी आहे!

तरीही केबलवाले पुढची वीसएक वर्षे या फटीत शिरले नाहीत. कारण प्रवर्धकात होते. कोणताही खरा प्रवर्धक अगदी सरळ रेषेत वाढवत नाही; दोन लहरी आत गेल्या की बाहेर त्यांच्या बेरजेची आणि वजाबाकीची, तसेच प्रत्येकीच्या दुपटीची थोडी थोडी लहर तयार होते. आता अमेरिकेतील आकडे पाहा. खालच्या पट्ट्यातल्या चित्रलहरी ५५.२५ ते ८३.२५. त्यांची दुप्पट ११०.५ ते १६६.५, म्हणजे फटीत. वरच्या पट्ट्यातून खालचा वजा केला तर ९२ ते १५६, पुन्हा फटीत. दोन्हींची बेरीज २३०च्या पुढे, म्हणजे वरच्या पट्ट्याच्याही पलीकडे. सगळा कचरा वाहिन्या नसलेल्या जागीच पडत होता. बारा वाहिन्या असेपर्यंत हे फार सोयीचे होते. तेराव्या वाहिनीसाठी फटीत शिरायचे, तर त्याच कचऱ्यात बसावे लागणार. १९७०च्या सुमारास पुश-पुल रचनेचे प्रवर्धक आले. त्यात दोन भाग एकमेकांविरुद्ध कलेत चालतात आणि ही दुय्यम विकृती बरीचशी आपसांत कापली जाते. फट झाडून निघाली आणि तिथे वाहिन्या राहायला गेल्या.

फट टाळून थेट ४७० मेगाहर्ट्‌झच्या वर का गेले नाहीत? वारंवारता चौपट झाली की तारेतील घट, डेसिबलमध्ये मोजल्यास, साधारण दुप्पट होते. प्रवर्धकही दुप्पट लावावे लागले असते.

नव्या जागांना अमेरिकेत आधी अक्षरे दिली आणि नंतर १४, १५ असे क्रमांक. गोंधळ इथे झाला. हवेतले १४ ते ८३ हे क्रमांक १९५२ मध्येच उच्च वारंवारतेच्या पट्ट्याला देऊन टाकले होते. त्यामुळे हवेतली वाहिनी १४ आहे ४७१.२५ मेगाहर्ट्‌झवर आणि केबलवरची वाहिनी १४ आहे १२१.२६२५ वर. एकच घर क्रमांक, गल्ल्या दोन. ट्यूनरच्या यादीतला ‘ॲन्टेना की केबल’ हा प्रश्न म्हणजे नेमके हेच : कोणत्या गल्लीतले १४? त्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर देऊन किती जणांनी किती वायरी निष्कारण बदलल्या असतील, देव जाणे.

त्या आकड्याचे शेपूटही पाहण्यासारखे आहे. १२१.२५ का नाही? ०.०१२५ मेगाहर्ट्‌झ जास्त कशासाठी? जाळी फाटली, सांधा सैल झाला की केबल गळते. विमानांचे बोलणे २५ किलोहर्ट्‌झच्या अंतराने आखलेले असते आणि १२१.५ ही तर संकटकाळची वारंवारता. म्हणून केबलची चित्रलहर त्या अंतराच्या बरोबर निम्म्याने, साडेबारा किलोहर्ट्‌झने, बाजूला सरकवली, म्हणजे गळती झालीच तरी ती विमानांच्या दोन जागांच्या मध्ये पडावी. दशांश चिन्हापुढच्या आकड्यांत विमानांची काळजी बसली आहे.

युरोपने ही फट आपल्या सातच्या पावलाने भरली. १०४ ते १७४ मध्ये एस-१ ते एस-१० आणि २३० ते ३०० मध्ये एस-११ ते एस-२०. हा ‘एस’ जर्मन भाषेतल्या ‘झोंडरकानाल’, म्हणजे खास वाहिनी, या शब्दातला. त्यापुढे ३०२ ते ४७० मध्ये आठ-आठ मेगाहर्ट्‌झच्या एस-२१ ते एस-४१. आपल्या केबलवाल्यांनी हेच कोष्टक उचलले. आम्ही यादीत ‘ॲन्टेना’च्या जागी ‘केबल’ निवडले, तेव्हा उरलेल्या वाहिन्या एस या आडनावाने एकामागून एक दाखल झाल्या.

भारतात केबल आली ती दरीत चित्र उतरवण्यासाठी नव्हे. मुंबईच्या इमारतींत १९८०च्या दशकात एका घरी व्हिडिओ लावून तारेने सगळ्या मजल्यांवर चित्रपट दाखवत. १९९१च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून आली, त्याच वर्षी एशियासॅट-१ वरून स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ला झी. वाहिन्या भराभर वाढल्या, पण घरातले संच तेच राहिले. जुन्या संचावर खटखट फिरणारे गोल बटण आठवत असेल. प्रत्येक खटक्यामागे एका वाहिनीसाठीची तारेची वेटोळी बसवलेली असत. एस वाहिन्यांसाठी खटकाच नव्हता. ज्यांच्याकडे असा संच होता त्यांच्या दृष्टीने फटीतल्या वाहिन्या अस्तित्वातच नव्हत्या, आणि असे संच बहुतेक साध्या घरांत होते.

त्यामुळे जुन्या पट्ट्यांतल्या मोजक्या जागांना, ज्यांना ‘प्राइम बँड’ म्हणू लागले, बाजारातल्या मोक्याच्या गाळ्यासारखा भाव आला. तिथे बसण्यासाठी वाहिन्या केबलचालकांना पैसे मोजू लागल्या. कोणती बातमी कोणाच्या घरी पोहोचणार हे काही अंशी मेगाहर्ट्‌झवर ठरू लागले. सार्वजनिक दूरदर्शन एखाद्या कोपऱ्यातल्या एस वाहिनीवर ढकलले जाण्याची भीती खरी होती. १९९५च्या केबल कायद्यात २००० साली दुरुस्ती झाली आणि दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या व राज्याच्या भाषेतली एक वाहिनी प्राइम बँडमध्येच दाखवावी असे बंधन आले.

त्याच कलमात आणखी एक अट आहे, आणि ती वाचून आम्ही चकित झालो : या वाहिन्या, जमिनीवरच्या प्रक्षेपकाची जी वारंवारता आहे ती सोडून, दुसऱ्या वारंवारतेवर दाखवाव्यात. कायदा करणाऱ्यांना मेगाहर्ट्‌झशी काय देणेघेणे?

उत्तर आमच्या वसतिगृहातल्या सामाईक खोलीतच होते. तिथे दूरदर्शनच्या चित्रात प्रत्येक माणसाच्या डाव्या बाजूला त्याचीच फिकट सावली दिसे. पुण्याला १९७३ पासून सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने चित्र दाखवले. तो इतका जोरकस, की संचाच्या आतल्या तारांनाच ती लहर लागे. केबलवाल्याने त्याच वारंवारतेवर दूरदर्शन सोडले, तर संचात दोन चित्रे पोहोचत : एक थेट हवेतून आणि एक तारेतून जरा उशिरा. समजा केबलवाल्यापासून तार ६०० मीटर आली आहे. तारेत लहरीचा वेग सेकंदाला सुमारे अडीच लाख किलोमीटर धरला, तर उशीर २.४ मायक्रोसेकंद. चित्राची एक ओळ डावीकडून उजवीकडे ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाते. ५० सेंटीमीटर रुंद पडद्यावर हा उशीर म्हणजे सुमारे २.३ सेंटीमीटर. हवेतले चित्र आधी येते, म्हणून सावली डावीकडे. इमारतीवरून किंवा डोंगरावरून परावर्तित होऊन येणारी सावली मात्र उशिरा येते, म्हणून उजवीकडे पडते. सावलीची बाजू आणि अंतर पाहून तिचे कारण ओळखता येई. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच्या प्रक्षेपकांमुळे १९६०च्या दशकात केबलवाल्यांना हाच त्रास झाला. त्यावर त्यांनी जाड पत्र्याची पेटी काढली. ती सगळ्या वाहिन्या स्वतः निवडून, त्या शहरात रिकाम्या असलेल्या एकाच वाहिनीवर संचाला देई. आजच्या सेट-टॉप बॉक्सची ही आजी. आपल्याकडे तेव्हा पेट्या नव्हत्या, म्हणून तोच उपाय कायद्यात लिहिला गेला.

प्राइम बँडचा बाजार पुढे आपोआप बसला. २०११ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली, आणि २०१२ च्या नोव्हेंबरपासून दिल्ली-मुंबईत सुरू होऊन २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने देशभर केबल अंकीय झाली. पुण्याची पाळी २०१३ मध्ये आली. तारेतली जागा तीच राहिली, आठ मेगाहर्ट्‌झची. पण जिथे एक चित्र मावे तिथे आता सेकंदाला ३८ दशलक्ष बिट जातात आणि त्यात दहा-पंधरा वाहिन्या बसतात. कोणती वाहिनी कोणत्या जागी आहे, हे पेटी स्वतः वाचते. प्रेक्षकाला दिसणारा क्रमांक ही आता नुसती पाटी आहे. दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपकही २०२२ पर्यंत मोजके अपवाद सोडता बंद झाले.

जुने ट्यूनर कार्ड सेकंदाला १५,६२५ वेळा येणारा ओळीचा ठोका शोधते. अंकीय लहरीत असा ठोका नाही. कार्डाला ती केवळ गोंगाट वाटते. म्हणून ज्यांच्या शाळेत असे कार्ड पडून असेल त्यांनी देश, गल्ली, डबीचे नाव यांपैकी काहीही बदलून पाहू नये. कार्डाच्या मागच्या बाजूला पिवळ्या रंगाचे एक भोक असते. सेट-टॉप बॉक्सलाही पिवळी खाच असेल, तर दोन्ही साध्या वायरीने जोडावीत आणि संगणकात ‘ट्यूनर’ऐवजी ‘व्हिडिओ’ निवडावे. आवाजासाठी लाल-पांढरी वायर संगणकाच्या आवाजाच्या खाचेत द्यावी. आमचे कार्ड अजून आहे, एका जुन्या संगणकात, आणि असे चालतेही. मध्ये एकदा सवयीने ‘वाहिन्या शोधा’वर टिचकी मारली. आकडे एकामागून एक सरकले, मुंग्या दिसल्या आणि निकाल आला : सापडलेल्या वाहिन्या ०.